शोधनिबंध

एखाद्या मर्यादित प्रश्नाचा पद्धतशीर शोध घेऊन हाती आलेला नवा निष्कर्ष, त्यास आधारभूत असलेला पुरावा आणि तर्क यांसह, त्या विषयाच्या जाणकारांपुढे तपासणीसाठी मांडणारा लेख. ‘संशोधनपर निबंध’, ‘शोधलेख’ अशा संज्ञाही मराठीत रूढ आहेत. विद्यापीठीय पदवीसाठी लिहिला जाणारा प्रबंध विस्तृत असतो व तो लेखकाचे एकूण अध्ययन दाखवितो. शोधनिबंध सहसा एकाच मुद्द्याला वाहिलेला असतो आणि त्याची लांबी एका पानापासून शंभर पानांपर्यंत कितीही असू शकते. ‘नवा निष्कर्ष’ ही संज्ञा येथे व्यापक अर्थाने घ्यावी लागते. पूर्वी अज्ञात असलेली वस्तुस्थिती, जुन्या लेखाचे नवे वाचन, परिचित सूत्राची अधिक निर्दोष सिद्धता, किंवा सर्वमान्य मत टिकत नाही हे दाखविणे, यांपैकी काहीही तिच्यात बसते.

वरील व्याख्येतील ‘तपासणीसाठी’ हा शब्द महत्त्वाचा आहे. संशोधकाची स्वतःची खात्री पटणे आणि त्याला कधीही न भेटलेल्या, कदाचित प्रतिकूल मताच्या वाचकाला केवळ कागदावरील मजकुरावरून तो निष्कर्ष पडताळून पाहता येणे, या दोहोंत मोठे अंतर असते. ते अंतर लेखनात तोडावे लागते. म्हणून शोधनिबंधाचे लेखन हे संशोधन संपल्यानंतरचे कारकुनी काम नसून संशोधनाचाच उत्तरार्ध होय. प्रयोगवहीत किंवा टिपणांत सुसंगत वाटणारा विचार वाक्यांत उतरविताना त्यातील खिंडारे दिसू लागतात. एखादे कोष्टक भरताना आवश्यक ते मापन घेतलेच नव्हते हे ध्यानात येते. ‘यावरून’ हा शब्द लिहिल्यावर मागील विधानातून पुढील विधान खरोखर निघते की नाही, हे पाहणे भाग पडते. अनेक संशोधक लेखनाच्या या टप्प्यावर पुन्हा प्रयोगशाळेकडे किंवा दप्तरखान्याकडे वळतात, ते याच कारणाने.

उगम व विकास : सतराव्या शतकापूर्वी यूरोपात नवे शोध ग्रंथांतून किंवा खाजगी पत्रांतून कळविले जात. शोध तर उघड करावयाचा नाही, पण अग्रहक्क मात्र राखावयाचा, अशी अडचण आली की काही विद्वान आपले वाक्य अक्षरांची उलटापालट करून प्रसृत करीत. शनी ग्रहाच्या चमत्कारिक आकाराविषयी गॅलिलीओने १६१० मध्ये असेच अक्षरकोडे धाडले होते. १६६५ मध्ये ही परिस्थिती पालटू लागली. त्या वर्षाच्या जानेवारीत पॅरिस येथे जूर्नाल दे साव्हां आणि मार्चमध्ये लंडन येथे हेन्री ओल्डनबर्ग या रॉयल सोसायटीच्या कार्यवाहाने फिलॉसॉफिकल ट्रँझॅक्शन्स हे नियतकालिक सुरू केले. मजकुराच्या प्राप्तीची नोंद होऊन तो छापला जाऊ लागल्यामुळे शोध लपवून ठेवण्याऐवजी प्रसिद्ध करण्यातच शोधकाचा लाभ ठरला. प्रकाश व रंग यांविषयीचा न्यूटनचा लेख १६७२ मध्ये याच नियतकालिकात आला आणि त्याबरोबर वादही आला. रॉबर्ट हूक प्रभृतींच्या आक्षेपांना उत्तरे देता देता न्यूटन इतका उबगला, की प्रकाशविषयक आपला ग्रंथ त्याने हूकच्या मृत्यूनंतर, म्हणजे १७०४ मध्ये प्रसिद्ध केला. निबंध प्रसिद्ध करणे म्हणजे टीकेला आमंत्रण देणे, हा या साहित्यप्रकाराचा स्वभाव प्रारंभापासून असा प्रकट झालेला दिसतो.

मुंबईत १८४१ पासून रॉयल एशियाटिक सोसायटीच्या मुंबई शाखेचे नियतकालिक निघू लागले. अजिंठ्याच्या कोरीव लेखांचे वाचन करणाऱ्या भाऊ दाजी लाड यांचे निबंध त्यात प्रसिद्ध झाले आहेत. १८७२ मध्ये जेम्स बर्जेस यांनी इंडियन अँटिक्वरी हे मासिक मुंबईतच सुरू केले. मराठीत विविधज्ञानविस्ताराने (१८६७–१९३७) व्यासंगी लेखनास दीर्घकाळ स्थान दिले आणि १९१० मध्ये पुण्यास भारत इतिहास संशोधक मंडळ स्थापन झाल्यावर सभेत निबंध वाचणे, त्यावर चर्चा होणे व मग तो छापला जाणे ही रीत मराठीत स्थिरावली.

पूर्वपक्षाची परंपरा : प्रतिपक्षाचे म्हणणे मांडून मग आपला निर्णय सांगण्याची शिस्त भारतीय शास्त्रग्रंथांस नवी नाही. मीमांसेतील अधिकरणाची रचना विषय, संशय, पूर्वपक्ष, उत्तरपक्ष आणि संगती अशा पाच अंगांची मानली जाते. पूर्वपक्ष शक्य तितका बळकट करून मांडावा, दुर्बळ पूर्वपक्षाचे खंडन हे खंडनच नव्हे, असा तिचा दंडक होता. आधुनिक शोधनिबंध या परंपरेतून निघालेला नाही. त्याचा पुरावा शब्दप्रामाण्यावर आधारलेला नसून मापन, प्रयोग किंवा अस्सल साधने यांवर आधारलेला असतो. तथापि ज्या निबंधांत विरोधी स्पष्टीकरणाला एका ओळीत निकालात काढलेले असते, त्यांना या दंडकाची आठवण करून देणे अप्रस्तुत ठरणार नाही.

रचना आणि तिचे स्वरूप : निसर्गविज्ञाने, वैद्यक व बऱ्याच अंशी सामाजिक शास्त्रे यांतील निबंधांत प्रस्तावना, साहित्य व पद्धती, निष्पत्ती आणि चर्चा ही चतुर्विध मांडणी विसाव्या शतकाच्या उत्तरार्धात सर्वत्र रूढ झाली. प्रारंभी गोषवारा आणि अखेरीस संदर्भ असतात. गणितात सिद्धांत व सिद्धता यांचा क्रम चालतो. इतिहास, भाषा, साहित्य या विषयांत ठराविक सांगाडा नसतो.

चतुर्विध मांडणीची सोय उघड आहे. वाचकाला हवा तो भाग चटकन सापडतो व पद्धतीवरून प्रयोग पुन्हा करून पाहता येतो. परंतु या मांडणीमुळे संशोधन प्रत्यक्षात कसे घडले, यावर पडदा पडतो. वैद्यकाचे नोबेल पारितोषिक १९६० मध्ये मिळालेले पीटर मेडावार यांनी १९६३ मध्ये बीबीसीवरील एका भाषणात, वैज्ञानिक निबंध ही एक फसवणूक तर नव्हे, असा प्रश्न विचारून मोठी खळबळ उडविली. निबंधातील माहिती खोटी असते, असे त्यांचे म्हणणे नव्हते. आधी पूर्वग्रहरहित निरीक्षणे गोळा झाली व मग त्यांतून निष्कर्ष आपोआप वर आला, असा जो देखावा निबंध उभा करतो, तो खोटा असतो. वस्तुतः संशोधकाच्या मनात कल्पना आधी आलेली असते व कोणती निरीक्षणे घ्यावयाची, हे तीच ठरविते, असे त्यांचे प्रतिपादन होते. हा आक्षेप मार्मिक आहे. मात्र चुकलेल्या वाटांची संपूर्ण कहाणी सांगणारा निबंध वाचकाच्या सहनशक्तीचा अंत पाहील, हेही खरे. कोणती चूक वगळावी आणि कोणती सांगावी, हा प्रत्येक लेखकापुढचा प्रश्न आहे. ज्या फसलेल्या प्रयोगामुळे निष्कर्षाची मर्यादा कळते तो वगळणे अप्रामाणिकपणाचे, आणि ज्याचा निष्कर्षाशी संबंध नाही तो सांगणे पाल्हाळाचे होय.

लेखनातील अडचणी : पहिली अडचण प्रश्न लहान करण्याची असते. नवशिक्या लेखकाला आपल्याला माहीत असलेले सर्व सांगावेसे वाटते. निबंधाला मात्र एकच कणा मानवतो. दुसरी अडचण क्रियापदांची आहे. ‘सिद्ध होते’, ‘दिसून येते’, ‘सूचित होते’, ‘संभवते’ या चार प्रयोगांत पुराव्याच्या बळाच्या चार पायऱ्या आहेत. पुरावा तिसऱ्या पायरीचा आणि क्रियापद पहिल्या पायरीचे, असा विजोड निबंध फार काळ टिकत नाही. याच्या उलट, प्रत्येक वाक्याला ‘कदाचित’ जोडून स्वतःला सुरक्षित ठेवणारा लेखक वाचकाला काहीच सांगत नाही. संदर्भांच्या बाबतीत, मूळ लेख न वाचता दुसऱ्याच्या निबंधातील टीप उचलण्याची सवय घातक ठरते. मग मूळ लेखात नसलेले मतही त्याच्या नावावर पिढ्यान् पिढ्या फिरत राहते, व पृष्ठांकातील मुद्रणदोषदेखील इमानाने नकलला जातो.

सिद्धता वाचकाला दिसेल अशी मांडणे, ही अडचण किती कठीण असते, याचे एक उदाहरण श्रीनिवास रामानुजन (१८८७–१९२०) यांचे आहे. पाटीवर आकडेमोड करावयाची, निष्पत्ती तेवढी वहीत उतरवावयाची आणि पाटी पुसून टाकावयाची, ही त्यांची पद्धत होती. कागद महाग होता. बेर्नुली संख्यांविषयीचा त्यांचा पहिला निबंध इंडियन मॅथेमॅटिकल सोसायटीच्या नियतकालिकात १९११ मध्ये प्रसिद्ध झाला, परंतु त्यापूर्वी तो दुरुस्त्यांसाठी संपादकांकडून एकाहून अधिक वेळा परत आला होता. युक्तिवाद इतका संक्षिप्त व अनोळखी होता, की सामान्य गणितज्ञाला मधल्या पायऱ्या दिसत नसत. लेखकाला त्या पायऱ्यांची गरज वाटत नव्हती. वाचकाला मात्र त्यांच्यावाचून वर चढता येत नव्हते. रामानुजन १९१४ मध्ये केंब्रिजला गेले आणि जी. एच्. हार्डी यांच्या सहवासात त्यांना काटेकोर सिद्धतेची आधुनिक रीत परिचित झाली.

या दोघांच्या १९१८ मधील संयुक्त निबंधाचा विषय पूर्णांकाच्या विभाजनांची संख्या हा होता. ४ ही संख्या ४, ३+१, २+२, २+१+१ व १+१+१+१ अशा पाच प्रकारे मांडता येते. संख्या मोठी होत जाते, तसे हे प्रकार अफाट वाढतात. त्यांच्या संख्येचे अदमासे मूल्य देणारे सूत्र या निबंधात दिले आहे. पर्सी मॅक्मेहन यांनी २०० या संख्येच्या विभाजनांची संख्या परिश्रमपूर्वक गणिताने ३९,७२,९९,९०,२९,३८८ अशी काढली होती. नव्या सूत्राच्या केवळ आठ पदांनी येणारे उत्तर तिच्याहून ०·००४ एवढ्यानेच वेगळे आले. अदमासाच्या सूत्राने इतके अचूक उत्तर द्यावे, हे लेखकांनाही अनपेक्षित होते. अंतःप्रेरणा आणि सिद्धतेची शिस्त एका निबंधात एकत्र आल्या, की काय घडू शकते, याचे हे उत्तम उदाहरण होय. रामानुजन यांच्या वह्यांमधील तीन हजारांहून अधिक निष्पत्ती मात्र बव्हंशी सिद्धतेविना राहिल्या. त्यांचे ब्रूस बर्न्ट यांनी संपादिलेले पाच खंड १९८५ ते १९९८ या काळात प्रसिद्ध झाले. एका माणसाने न लिहिलेल्या पायऱ्या शोधण्यास अनेक गणितज्ञांना कित्येक दशके लागली.

न लिहिण्याची किंमत गणितात श्रमांनी मोजली जाते, वैद्यकात ती प्राणांनी मोजावी लागते. इग्नाट्स झेमेलव्हाइस (१८१८–६५) या हंगेरियन डॉक्टराने व्हिएन्ना येथील रुग्णालयाच्या पहिल्या प्रसूतिविभागात मे १८४७ पासून क्लोरिनयुक्त चुन्याच्या द्रावणाने हात धुण्याची सक्ती केली. शवविच्छेदन करून थेट प्रसूतिकक्षात येणाऱ्या विद्यार्थ्यांच्या हातांतून सूतिकाज्वर पसरतो, असे त्याचे अनुमान होते. त्या विभागातील मातांचे मृत्युमान १८४६ मध्ये शेकडा ११ हून अधिक होते, ते १८४८ मध्ये शेकडा सु. १·३ वर आले. इतका बोलका पुरावा हाती असताना त्याने स्वतः सविस्तर निबंध लिहिला नाही. त्याच्या वतीने सहकाऱ्यांनी त्रोटक सूचना प्रसिद्ध केल्या, त्याचे म्हणणे परदेशात अर्धवट पोहोचले, आणि ब्रिटनमधील काही डॉक्टरांना त्यात नवे असे काहीच दिसले नाही. अखेर १८६१ मध्ये त्याचा ग्रंथ आला तो लांबलचक, पुनरुक्तीने भरलेला आणि विरोधकांवरील रागाने पेटलेला होता. त्याच्या मताला विरोध होण्याची इतरही कारणे होती व रोगजंतूंचा सिद्धांत त्या वेळी स्थिर झालेला नव्हता, हे लक्षात घेतले तरी १८४७–४८ मधील ती कोष्टके शांत शब्दांत, वेळेवर, त्याच्याच नावाने मांडली गेली असती, तर त्यांचा प्रतिवाद करणे अधिक कठीण गेले असते.

निर्मितीचे समाधान : शोधनिबंध म्हणजे रुक्ष लेखन, अशी सर्वसाधारण समजूत आहे. अलंकरणाच्या दृष्टीने ती खरीही आहे. परंतु निबंधातील सर्जनशीलता शब्दकळेत नसून प्रश्न कोणत्या बाजूने हाती घेतला, यात असते. सत्येंद्रनाथ बोस (१८९४–१९७४) यांनी १९२४ मध्ये डाक्का येथून आइन्स्टाइन यांना पाठविलेला निबंध जेमतेम चार पानांचा होता. त्यात नवा प्रयोग नव्हता, नवे सूत्रही नव्हते. ज्या नियमापर्यंत तो पोहोचतो, तो प्लांक यांनी १९०० मध्येच दिला होता. पण त्या नियमाच्या तोपर्यंतच्या सर्व सिद्धतांत अभिजात भौतिकीचा एखादा धागा उसना घेतलेला असे, आणि जो सिद्धांत मोडीत काढावयाचा त्याच्याच आधारावर नवे घर बांधल्यासारखे होई. बोस यांनी प्रकाशाचे कण एकमेकांपासून वेगळे ओळखता येत नाहीत, अशा रीतीने त्यांची मोजणी केली व उसना धागा टाळून तोच नियम मिळविला. आइन्स्टाइन यांनी निबंधाचे स्वतः जर्मन भाषांतर करून तो प्रसिद्ध करविला आणि हे महत्त्वाचे पाऊल असल्याची टीप जोडली. बोस यांच्या दुसऱ्या निबंधाचेही त्यांनी भाषांतर केले. त्याला मात्र आपले मतभेद सांगणारी टीप जोडली. पहिल्या निबंधातील मोजणीच्या रीतीतून पुढे बोस–आइन्स्टाइन सांख्यिकी विकसित झाली. जुन्या गावाला जाणारी नवी वाट दाखविणारा निबंधही किती मोलाचा ठरतो, हे यावरून दिसते.

दोन ज्ञानशाखांच्या सीमेवर लिहिताना हे समाधान वाढते व अडचणीही वाढतात. गोव्यात जन्मलेले दामोदर धर्मानंद कोसंबी (१९०७–६६) हे पेशाने गणितज्ञ होते. पुण्याच्या फर्ग्युसन महाविद्यालयात अध्यापन करीत असताना त्यांनी प्राचीन आहत नाण्यांच्या वजनांचा सांख्यिकीय अभ्यास हाती घेतला व १९४० पासून त्यावर निबंध लिहिले. या चांदीच्या नाण्यांवर राजाचे नाव किंवा सन नसतो. केवळ चिन्हांचे ठसे असतात. कोसंबींचा विचार साधा होता. नाणे हातोहाती फिरताना झिजते. म्हणून एकाच टाकसाळीची नाणी जितकी अधिक काळ चलनात राहिली, तितके त्यांचे सरासरी वजन कमी आणि वजनांतील तफावत जास्त आढळली पाहिजे. नाण्यांच्या मागील बाजूस जे बारीक ठसे दिसतात, ते चलनात असताना झालेल्या तपासणीचे, असे मानले, तर ठशांची संख्या वाढेल तसे सरासरी वजन उतरले पाहिजे. त्यांनी नाणी एकेक करून काट्यावर तोलली व हे उतरते प्रमाण दाखवून दिले. या निबंधांचे वाचक दोन प्रकारचे होते. नाण्यांच्या अभ्यासकांना विचरण व प्रसामान्य वंटन या कल्पना अपरिचित, आणि गणितज्ञांना आहत नाणी अपरिचित. दोघांनाही पटेल अशी मांडणी करावी, तर प्रत्येक पायरी दोनदा समजावून सांगावी लागते. मुके नाणे काट्यावर ठेवून त्याच्याकडून काळाचा हिशेब वदवून घेण्यात जो आनंद आहे, तो या निबंधांच्या कोरड्या कोष्टकांतूनही जाणवल्यावाचून राहत नाही.

ऐतिहासिक साधने व निबंध : इतिहासाच्या क्षेत्रात प्रयोग पुन्हा करता येत नाही, त्याची जागा मूळ साधन वाचकापुढे ठेवण्याने भरून निघते. कोरीव लेखावरील निबंधात ठशाचे छायाचित्र, अक्षरशः वाचन, भाषांतर व टिपा देण्याचा प्रघात आहे. पुसट, संशयित किंवा संपादकाने सुचविलेली अक्षरे निरनिराळ्या कंसांत दाखवितात. हा कंस क्षुल्लक वाटला, तरी लेखकाने काय पाहिले आणि काय कल्पिले, यांतील सीमारेषा तोच असतो. तो गाळला, की एका विद्वानाचा तर्क पुढील पिढीत पुरावा होऊन बसतो.

वि. का. राजवाडे (१८६३–१९२६) यांच्या मराठ्यांच्या इतिहासाची साधने या मालेचा पहिला खंड १८९८ मध्ये निघाला. त्यात पानिपतच्या संग्रामापर्यंतची पत्रे आहेत. त्याला व पुढील काही खंडांना राजवाड्यांनी जोडलेल्या प्रस्तावना हे वस्तुतः स्वतंत्र शोधनिबंधच होत. पत्रांची मिती बसविणे, अस्सल व बनावट यांचा निवाडा करणे, तत्पूर्वीच्या बखरकारांची व इंग्रज इतिहासकारांची विधाने पत्रांशी ताडून पाहणे, हे सर्व तेथे वाचकाच्या डोळ्यांदेखत चालते. त्यांचे निष्कर्ष कित्येकदा पुराव्याच्या पुढे धावत आणि त्यांची भाषा प्रतिपक्षाची गय करीत नसे; तथापि पत्रेच शेजारी छापलेली असल्यामुळे त्यांना खोडून काढण्याचे साधनही त्यांनीच वाचकाला दिले होते.

परीक्षण : प्रसिद्धीपूर्वी निबंध त्या विषयाच्या अन्य तज्ञांकडे अभिप्रायार्थ पाठविण्याची पद्धत जुनी असली, तरी सार्वत्रिक झाली ती विसाव्या शतकाच्या उत्तरार्धात. तिच्याविषयी लेखकांची तक्रार नेहमीचीच आहे. आइन्स्टाइन व नेथन रोझेन यांनी १९३६ मध्ये फिजिकल रिव्ह्यू या नियतकालिकाकडे एक निबंध पाठविला. गुरुत्वीय तरंग अस्तित्वात नाहीत, असा त्याचा निष्कर्ष होता. संपादकांनी तो परीक्षकाला दाखविला व परीक्षकाने त्यातील दोष दाखवून दिले. आपला निबंध छापण्यापूर्वी दुसऱ्याला दाखविण्याची परवानगी दिली नव्हती, असे रागाने कळवून आइन्स्टाइन यांनी तो परत घेतला. पुढे चूक त्यांच्या ध्यानात आली आणि १९३७ मध्ये तोच निबंध अन्यत्र, निष्कर्ष पालटून प्रसिद्ध झाला. गुरुत्वीय तरंगांची पहिली प्रत्यक्ष नोंद २०१५ मध्ये झाली व तिचा निबंध २०१६ मध्ये फिजिकल रिव्ह्यूच्याच भावंड-नियतकालिकात आला. हिंगोली जिल्ह्यात उभारावयाच्या लायगो-इंडिया वेधशाळेस २०२३ मध्ये केंद्र शासनाची मंजुरी मिळाली, तीही याच तरंगांच्या वेधासाठी. परीक्षणाने सर्व चुका सापडतात, असे नाही. बनावट प्रयोगांचे निबंध प्रसिद्ध होऊन कालांतराने मागे घेतले गेल्याची उदाहरणे अनेक आहेत. आक्षेपकाचे म्हणणे प्रसिद्धीपूर्वी ऐकावे लागणे, हाच तिचा मुख्य लाभ म्हणता येईल.

श्रेय व प्रसिद्धी : शोध आणि त्याचे प्रकाशन यांतील थोड्या दिवसांचे अंतरही निर्णायक ठरू शकते. प्रकाशाच्या प्रकीर्णनातील नवा परिणाम मॉस्को येथे लांट्सबेर्ग व मांडेल्शटाम यांना स्फटिकांत २१ फेब्रुवारी १९२८ रोजी आढळला. कलकत्त्यात चंद्रशेखर वेंकट रामन व के. एस्. कृष्णन् यांना तो द्रवांत २८ फेब्रुवारीस स्पष्टपणे दिसला. रामन यांनी तो लागलीच जाहीर केला. मॉस्कोचा निबंध काही महिन्यांनी प्रसिद्ध झाला. १९३० चे नोबेल पारितोषिक एकट्या रामन यांना मिळाले. सांघिक संशोधनामुळे श्रेयाचा प्रश्न आता निराळ्या स्वरूपात उभा आहे. हिग्ज बोसॉनच्या वस्तुमानासंबंधी २०१५ मध्ये प्रसिद्ध झालेल्या एका निबंधाच्या लेखकांची संख्या ५,१५४ असून त्याच्या ३३ पृष्ठांपैकी २४ पृष्ठे त्यांच्या नावांनी व संस्थांनी व्यापली आहेत.

१९९१ मध्ये भौतिकीविज्ञांसाठी सुरू झालेल्या अर्काइव्ह या संगणकीय भांडारामुळे परीक्षणापूर्वीच निबंध सर्वांस खुला करण्याची प्रथा पडली. भारतात विद्यापीठ अनुदान आयोगाच्या २०१६ च्या नियमांनुसार पीएच्.डी.चा प्रबंध सादर करण्यापूर्वी किमान एक निबंध प्रसिद्ध करणे सक्तीचे होते. सांगण्यासारखे काही नसताना निबंध लिहिण्याचा आणि पैसे घेऊन काहीही छापणाऱ्या नियतकालिकांचा सुळसुळाट अशा सक्तीने वाढतो, अशी टीका झाली. २०२२ च्या नियमांत ही अट काढून टाकण्यात आली. वाङ्मयचौर्याविषयी आयोगाचे स्वतंत्र नियम २०१८ पासून आहेत. जानेवारी २०२३ मध्ये नेचर व सायन्स या नियतकालिकांनी संगणकीय भाषाप्रणालीस लेखक म्हणून मान्यता देण्याचे नाकारले. निबंधातील विधानांची जबाबदारी घेणे हे लेखकाचे लक्षण आहे व यंत्राला ती घेता येत नाही, असे त्यामागील कारण आहे.

मराठीतील शोधनिबंध : राजवाडे यांनी आपले संशोधन कटाक्षाने मराठीत लिहिले, रा. गो. भांडारकर (१८३७–१९२५) यांचे बहुतेक संशोधनपर लेखन इंग्रजीत आहे. दोन्ही निर्णयांस कारणे होती. इंग्रजी निबंध लायडनपासून कलकत्त्यापर्यंतच्या पंडितांना तपासता येई. मराठी निबंध ज्यांच्या घरांत दप्तरे पडून होती, त्यांच्यापर्यंत पोहोचे व त्यामुळे नवी साधने उजेडात येत. कोरीव लेखांचे व्यासंगी वा. वि. मिराशी (१८९३–१९८५) यांनी इंग्रजी, मराठी व हिंदी अशा तीनही भाषांत लेखन केले. त्यांचे मराठी निबंध संशोधन-मुक्तावलि या मालेत संगृहीत आहेत. वाकाटकांच्या ताम्रपटातील एखादे गाव आज कोणत्या तालुक्यात येते, हे ठरविताना नदी, शेजारच्या गावांची नावे व दिशा यांचा मेळ ते पायरीपायरीने घालतात. इंग्रजी निबंधात नकाशावरील एका नावाने भागते. मराठीत लिहिताना त्या गावचा वाचक समोर असतो आणि ओढा पूर्वेस की पश्चिमेस, हे त्याला लेखकाहून अधिक चांगले ठाऊक असते.